छान, असंच पडून राहा

मंगळवार, ४ तारीख

वन्सं,

‘रुग्णाने सहकार्य केले नाही.’ हे कुणी लिहिलं? खाली सही तुमची आहे म्हणून विचारते. गाठीवर किरण देणाऱ्या डॉक्टरांनी तो कागद मला वाचून दाखवला आणि चष्म्याच्या वरून असं बघितलं, जसं काही मीच नवऱ्याला त्या यंत्रात नाचायला शिकवून पाठवलं होतं. अहो, रुग्ण कोण? सख्खा भाऊ तुमचा. तुम्हाला पाठुंगळीला मारून शाळेच्या दारात नेऊन टाकणारा. रुग्ण म्हणे.

माझी शाळा तिसरीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते चालवून घ्या. फोन केला असता, पण तुम्ही उचलत नाही. आणि उचललात तरी आमच्या दोन खोल्यांत जे बोलावं ते पलंगावरच्या माणसाला ऐकू जातं. गळा गेलाय त्यांचा, कान शाबूत आहेत.

त्यांना तिथं यायला तयार कुणी केलं, मी केलं. डॉक्टर मला समजावून थकले होते. म्हणाले, गळ्यातल्या गाठीत सगळीकडे रक्त सारखं पोचत नाही. जिथं प्राणवायू पोचत नाही तिथलं मांस चिवट होतं, किरणांना दाद देत नाही. बाहेरून गाठ विरली असं वाटतं आणि आतला चिवट तुकडा परत डोकं वर काढतो. म्हणून आधी साध्या हवेवर फोटो काढायचे, मग मास्क लावून शुद्ध प्राणवायू द्यायचा आणि परत फोटो काढायचे. जिथं प्राणवायू पोचला तिथला फोटो बदलतो. जिथं नाही बदलला ती जागा उपाशी. तिथं किरण वाढवायचे, नाहीतर जोडीला औषध द्यायचं. सुई नाही, चिरफाड नाही. नुसतं पडून राहायचं, बोलायचं नाही, गिळायचं नाही.

मी घरी येऊन ह्यांना ह्यांच्या भाषेत सांगितलं. म्हटलं, ट्यूबचं कसं, हवा भरल्याशिवाय पंक्चर कुठं आहे ते दिसत नाही, तसंच हे. जन्मभर लोकांच्या ट्यूबा भरल्यात, आता एकदा स्वतःची भरून घ्या. ते हसले. किती दिवसांनी हसले. मग विचारलं, ही तपासणी करतं कोण? मी म्हटलं, बसवली तुमच्या बहिणीनं आहे, सगळ्या दवाखान्यांत तिचंच नाव घेतात. त्यावर हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, जाऊ.

तुम्हाला कळतंय का ह्याचा अर्थ काय? आई गेल्या त्या दिवशी तुम्ही दारातून आत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं, उंबऱ्यावरूनच चार माणसांत म्हणालात, ‘आईचा श्वास तू काढून घेतलास.’ नाकातली नळी काढायला लावून आईंना घरी आणलं, हा त्यांचा गुन्हा. आणि त्यांनी तुम्हाला सांगितलं, परत ह्या दारात येऊ नकोस. त्याला अकरा वर्षं झाली. तुम्ही दोघं भावंडं अशी, की सुंभ जळाला तरी पीळ जाणार नाही. मधे मी. मला कुणी विचारलं नाही की बाई तुला दोघांची भांडी घासून कंटाळा आला का.

तर तो माणूस आपल्या पायांनी तुमच्या दवाखान्यात आला. फोटोसाठी गळ्याभोवती बसवतात तो पिंजरा घालून घेतला, मास्क लावून घेतला, आत गेला. मी बाहेर बाकावर. बाहेर आले तेव्हा तोंड पांढरं. बसमधे खिडकीकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचे कपडे देऊन परत आले, तेव्हा स्वतःहून म्हणाले, “बोललो मी तिच्याशी.”

मी हातातलं गाठोडं खाली ठेवलं. विचारलं, मग? काय म्हणाली?

“छान, म्हणाली. छान, असंच पडून राहा.”

आणि भिंतीकडे तोंड केलं.

वन्सं, तुम्हाला लाज कशी वाटली नाही? ज्या माणसाला घोटभर पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येतं, तो घसा खरवडून तुमच्याशी बोलतो. काय बोलला ते मला माहीत नाही, मला सांगत नाहीत. पण चांगलं-वाईट काही बोलला असेल ना? त्यावर छान? शाळेतल्या बाईनं चित्राच्या वहीवर शेरा मारावा तसं? आणि वर कागदावर लिहिता, सहकार्य नाही, हालचाल झाली, मास्क जागचा हलला, फोटो निकामी. हलणारच मास्क. मास्क बाजूला केल्याशिवाय माणूस बोलणार कसा?

आता हे म्हणतात, परत तिथं जाणार नाही, किरण द्यायचे तसे द्या, आंधळ्यानं दगड मारल्यासारखे. डॉक्टर म्हणतात, फोटो मिळाला तर बरं होईल. किरण एकोणीस तारखेला सुरू. मधे काय करायचं ते तुम्ही सांगा. शिकलेल्या तुम्ही आहात.

तुमची वहिनी


शनिवार, ८ तारीख

वन्सं,

पहिलं पत्र पोचलं असेल, उत्तर नाही. नका देऊ. हे दुसरं आहे आणि ह्यात मी तुमच्यावर जास्त चिडले आहे, की कमी, ते माझं मलाच ठरवता येत नाही.

काल मी तुमच्याकडे येऊन गेले. तुम्हाला भेटायला नव्हे, एवढी मी रिकामी नाही. तपासणीच्या दिवशी ह्यांनी खिशातलं सगळं काढून त्या कपाटात ठेवलं होतं, लोखंडाचं काही आत चालत नाही म्हणून. दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा तिथंच राहिला. दुकान उघडत नाहीत, पण किल्ल्या उशाशी लागतात. म्हणून गेले.

बाकावर बसले होते. आतल्या दाराची फट उघडी. आणि आतून तुमचा आवाज आला. वन्सं, मी तो आवाज कुठंही ओळखेन. तोच तो, जसा काही प्रत्येक शब्द इस्त्री करून घडी घालून ठेवलाय. “आता मास्कमधून प्राणवायू सुरू होईल. नेहमीसारखा श्वास घ्या. बोलू नका, गिळू नका.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, बरी सापडली. उठले आणि दार ढकलून आत.

आत तुम्ही नव्हता. यंत्र चालवणारी ती मुलगी एकटी, मांडीवर डबा उघडा, तोंडात घास. काचेपलीकडे यंत्रात कुणीतरी निजलेलं, नुसते पाय दिसत होते. मी विचारलं, त्या कुठं गेल्या? ती म्हणाली, कोण त्या? मी म्हटलं, ज्या आत्ता बोलल्या त्या. तर ती घास गिळून हसली आणि म्हणाली, “अहो काकू, मॅडम तर वरच्या मजल्यावर असतात. हे रेकॉर्डिंग आहे. सगळ्यांना हेच ऐकवतो.”

मला खरं वाटेना. तर तिनं हेडफोन लावून मला तुमचं एकेक वाक्य ऐकवलं. आता साधी हवा. आता प्राणवायू. आता परत साधी हवा. वेळ झाली की ज्याचं त्याचं वाक्य आपोआप लागतं. आणि मधे एक, पेशंट घाबरू नये म्हणून, “छान. असंच पडून राहा.”

मी तिला म्हटलं, हे परत लाव. तिनं लावलं. मी म्हटलं, परत. तिनं तीनदा लावलं आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, काकू, बसता का, पाणी देऊ का?

मी विचारलं, आतला माणूस काही बोलला तर तुम्हाला ऐकू येतं का? ती म्हणाली, यंत्र सुरू असताना एवढा खडखडाट असतो, आतलं काही कळत नाही, म्हणून तर हातात रबरी फुगा देतो, अडचण आली तर दाबायचा. त्या दिवशी त्यांनी फुगा दाबला नाही. फोटो आले तेव्हा तिला कळलं की सगळं धूसर आहे. हे ती मला समजावत होती, आणि माझे कान तिच्याकडे नव्हतेच.

म्हणजे झालं काय ते नीट ऐका. माझ्या नवऱ्यानं अकरा वर्षांचं पोटातलं एका डबड्याला सांगितलं. आणि डबडं म्हणालं, छान.

तुम्ही त्या दिवशी कुठं होता? मुलीला विचारलं. ती चाचरली, मग म्हणाली, मॅडमनी त्या दिवशी रजा घेतली होती, कागदावर सही दुसऱ्या दिवशी केली. सख्खा भाऊ येतोय हे नावावरून कळल्यावर रजा. मोठ्या शास्त्रज्ञ तुम्ही. दुसऱ्याच्या गाठीत प्राणवायू कुठं पोचत नाही ते बाहेर बसून ओळखता. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

किल्ल्या घेऊन घरी आले. ह्यांनी विचारलं, ती दिसली का? मी म्हटलं, नाही. एवढंच. रेकॉर्डिंगचं सांगितलं नाही. सांगू कसं? बहिणीनं ऐकून घेतलं नाही, हे दुःख त्यांना निदान ओळखीचं आहे, त्याच्याशी जन्मभर भांडता येतं. पण कुणी ऐकतच नव्हतं, आपण भिंतीशी बोललो, हे कळलं तर तो माणूस शरमेनं त्या पलंगावरून उठणार नाही. दुकानात गिऱ्हाइकानं चुकून नोटेऐवजी बिल पुढं केलं तर त्याची मान खाली जाऊ नये म्हणून दुसरीकडे बघणारा माणूस तो. स्वतःची फजिती त्याला पचायची नाही.

तुम्हीही सांगायचं नाही. आणि हे पत्र वाचून रडत बसायचं असेल तर बसा, पण आधी उत्तर द्या. दुसरा फोटो कधी निघेल?

वहिनी


बुधवार, १२ तारीख

वन्सं,

तुमची चिठ्ठी मिळाली. डॉक्टरांच्या पाकिटातून आली, माझ्या हातात, ह्यांना दिसली नाही. बरं केलंत.

तुम्ही लिहिता, मला माहीत नव्हतं. खरं असेल. तुम्ही लिहिता, दादाला माझं तोंड बघायचं नसेल असं वाटलं म्हणून रजा घेतली, त्याला त्रास नको म्हणून. हे मात्र अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही लिहिता, सोमवारी सतरा तारखेला सकाळची वेळ राखून ठेवली आहे, मी त्या मजल्यावर येणार नाही, दुसऱ्या कुणाच्या आवाजात रेकॉर्डिंग करून ठेवते, म्हणजे त्याला शांत वाटेल.

वा. सगळं जमवलंत. आवाजसुद्धा काढून घेतलात.

मी ह्यांना विचारून बघितलं. चिठ्ठीचं बोलले नाही, डॉक्टरांचा निरोप आहे असं सांगितलं, की सोमवारी परत फोटो काढू, ह्या वेळी तुमची बहीण नसेल, आवाजही दुसऱ्याचा असेल. मला वाटलं सुटकेचा श्वास टाकतील. तर म्हणाले, “मग मी कशाला जाऊ?”

म्हटलं, अहो, फोटोसाठी. गाठीसाठी. तुमच्या जिवासाठी.

म्हणाले, “ती नसेल तर नको.”

आता बोला. ती होती म्हणून जायचं नाही, आणि ती नसेल तरी जायचं नाही. मी तव्यावरचं काढून आपटलं. म्हटलं, तुम्हा दोघांना एका पोत्यात घालून तोंड बांधून ठेवायला पाहिजे होतं लहानपणीच, तुमच्या आईनं फार लाडावलं. तर हसले, आणि हसताना खोकले, आणि खोकताना जे आलं ते मी पुसलं. ते तुम्हाला लिहीत नाही.

हे मात्र लिहिते. काल डॉक्टरांनी सांगितलं, सूज वाढली आहे, श्वासाची वाट अरुंद होत चालली. किरण सुरू व्हायच्या आधी, मंगळवारी अठरा तारखेला, गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. श्वासाचं भागेल. पण बोलणं जाईल. काही दिवसांनी थोडंफार येईल, नाहीतर येणारही नाही, गाठीवर आहे. ह्यांच्यासमोरच सांगितलं. ह्यांनी नुसती मान हलवली, आणि घरी येताना वाटेत मला म्हणाले, बरं झालं, जे बोलायचं होतं ते बोलून झालंय.

वन्सं, मी तिथंच रस्त्यात थांबले. मागून माणसं धक्के देऊन जात होती. मला त्या क्षणी सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मी कुणाला कधी घाबरले नाही, तुमच्या आईंना नाही, घरमालकाला नाही. काल मी एका हाडं दिसणाऱ्या माणसाला घाबरले.

तुम्ही चिठ्ठीत शेवटी विचारलंय, दादा काय बोलला? मला खरंच माहीत नाही. पण अंदाज आहे. आई शेवटी दवाखान्यात होत्या तेव्हा मी पायाशी बसले होते. त्यांनी मुलाचा हात धरून काय मागितलं ते मी ह्या कानांनी ऐकलं. आणि ‘बारकीला सांगू नकोस, ती मला जाऊ देणार नाही’ हेही ऐकलं. ह्यांनी शब्द दिला आणि पाळला. तुम्ही उंबऱ्यावरून ते वाक्य फेकलंत तेव्हाही पाळला. त्यापुढचं मी लिहिणार नाही. अकरा वर्षं ज्यानं तोंडात मूग धरून ठेवले, त्याचं बोलणं मी कोंबडीच्या पायांनी कागदावर उतरवून द्यायचं? ते त्याच्या तोंडून ऐका. तोंड आहे तोवर.

म्हणून आता मी सांगते तसं करायचं. पहिल्या पत्रात मी तुम्हाला विचारलं होतं, काय करायचं. ते मागे घेते. तुम्हाला प्राणवायूतलं कळतं, ह्यातलं काही कळत नाही.

सोमवारी तुम्ही खाली यायचं. काचेच्या मागे नाही, हेडफोनमधून नाही, तुमच्या त्या घडीच्या आवाजात तर मुळीच नाही. तो कपडे बदलून बाकावर बसेल, तिथं त्याच्या शेजारी बसायचं. आणि सांगायचं, दादा, त्या दिवशी मी नव्हते. तो रेकॉर्ड केलेला आवाज होता. आता मी आहे, परत सांग. हो, तुम्हीच सांगायचं. शनिवारी मी लिहिलं होतं सांगू नका, तेव्हा मला वाटलं शरम लपवली की माणूस वाचतो. नळीचं ऐकल्यावर कळलं की तसं नाही. त्याची फजिती झाली हे माझ्याकडून कळलं तर तो मरेल. तुमच्याकडून कळलं तर आधी चिडेल, मग तुम्हाला चार शिव्या घालेल, आणि शिव्या घालता घालता सांगेल. मी त्याला ओळखते. तुम्हीही ओळखत होता.

त्याचं सगळं होऊ द्यायचं. मधे बोलायचं नाही. तुम्हाला हलावंसं वाटेल, उठून जावंसं वाटेल, घशात काही येईल. गिळा. नुसतं ऐका. त्या मुलीला सांगून ठेवा की वेळ लागेल, पुढच्या पेशंटला थांबवा.

मग त्याला मास्क तुम्ही लावायचा. पट्टा मागून घट्ट ओढा, मिशीमुळे फट राहते. त्यानंतर तो बोलणार नाही, हलणार नाही, गिळणार नाही, तुम्ही म्हणाल तेवढा वेळ दगडासारखा पडून राहील. बोलायचं काही उरलं नाही की माणूस शांत पडतो. मग काढा तुमचा फोटो. बघा कुठं काय पोचत नाही ते, आणि डॉक्टरांना सांगा, आणि वाचवा त्याला. ह्यात मी तुमच्यासमोर हात जोडते. बाकी कशात नाही.

आणि यंत्रात असताना मधे काही बोलायचं असेल तर बोला. पण छान म्हणू नका.

मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही येणार असं कळल्याशिवाय त्याला त्या बसमधे बसवणार नाही. एकदा बसवून आणलंय, तेवढं पुरे. शनिवारी संध्याकाळपर्यंत फोन करा, माझ्या नाही, त्याच्या फोनवर. उशाशी असतो, किल्ल्यांच्या शेजारी. मी उचलणार नाही. फक्त ‘दादा, मी बारकी, सोमवारी येते’ एवढं म्हणा. तो काही बोलणार नाही. फोन कानाला धरून ठेवील.

नाही केलात, तर रविवारी मी त्याला सगळं सांगणार, आणि सोमवारी तुमच्या दवाखान्यात एकटी येऊन तुमच्याच रेकॉर्डिंगसमोर उभी राहून काय बोलायचं ते बोलणार. सगळ्या बाकांना ऐकू जाईल. माझा गळा ठणठणीत आहे.

शनिवार. संध्याकाळपर्यंत.

वहिनी